एका खाडीएवढे जग: कॅम्पेन सेटिंग निवडताना आणि छापताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीत पाच जणांचा गट दर शनिवारी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे एकेक पात्र घेऊन खेळायचा फाशांचा आणि गोष्टीचा खेळ) खेळतो. फॉरगॉटन रेल्म्स या त्या खेळाच्या तयार जगात वर्षभर खेळून झाले, पण गावांची नावे कुणाच्या लक्षात राहत नाहीत आणि डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, दर वेळी पुस्तक धुंडाळावे लागते. आता दुसरे तयार जग घ्यावे, की कोकणावर बेतलेले स्वतःचे करावे? केले तर ते छापून विकता येईल का, आणि सुरुवात कुठून करायची?

आधी उत्तर, मग तपशील. तयार जग घ्यायचे तर त्याचा एक कोपरा घ्या आणि बाकीचे पुस्तक मिटून ठेवा. स्वतःचे करायचे तर एक खाडी करा: मुखावरच्या किल्ल्यापासून घाटाच्या पायथ्यापर्यंत. छापायचे तर तीच खाडी छापा, सगळा किनारा नको. सेटिंग, म्हणजे खेळाचे जग, फसते ते बहुतेक वेळा मोठे असल्यामुळे. वाईट लिहिल्यामुळे फसलेली त्या मानाने थोडी.

फॉरगॉटन रेल्म्सची पेटी १९८७ साली आली. त्यानंतर डी अँड डी छापणाऱ्या टीएसआर कंपनीने १९८९ मध्ये स्पेलजॅमर, १९९१ मध्ये डार्क सन, १९९२ मध्ये अल-कादिम, १९९४ मध्ये प्लेनस्केप, १९९५ मध्ये बर्थराइट अशी एकामागून एक जगे बाजारात आणली. कल्पना म्हणून त्यातली काही फार सुंदर आहेत. पण डार्क सन खेळणारा प्लेनस्केपचे पुस्तक घेईना आणि प्लेनस्केपवाला बर्थराइटचे. गिऱ्हाईक तेवढेच राहिले, त्याचे तुकडे पडले. १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने ती कंपनी विकत घेतली. टीएसआर डबघाईला येण्याची कारणे आणखीही होती, पण हे त्यांतले एक मोठे. विझार्ड्सने २००२ मध्ये नव्या जगासाठी जाहीर स्पर्धा घेतली तेव्हा पहिल्या फेरीत फक्त एक पान मागितले. हजारो पाने आली, त्यांतून एबेरॉन निवडले गेले आणि २००४ मध्ये छापले गेले. तुमचे जग एका पानात बसत नसेल, तर ते अजून तुम्हालाच नीट दिसलेले नाही असे समजा.

तयार जग कसे पारखावे

मुखपृष्ठ आणि नकाशा पाहून निवडू नका. पुस्तक किंवा त्याची मोफत झलक घ्या, घड्याळ लावा आणि चाळीस मिनिटांत तीन तासांचे एक सेशन, म्हणजे एका बैठकीचा खेळ, तयार करून पाहा. झाल्यावर मोजा: किती पाने उलटली आणि त्यातले किती प्रत्यक्ष वापरले? पन्नास पाने उलटून तीन ओळी हाती लागल्या, तर ते पुस्तक वाचायला छान आहे, खेळायला नाही. अशी पुस्तके पुष्कळ आहेत आणि ती कपाटात शोभतातही.

दुसरी कसोटी अशी की हे जग खेळाचा कुठला नियम बदलते? डार्क सनमध्ये धातू दुर्मिळ आहे, म्हणून साधी शस्त्रे हाडाची, दगडाची असतात आणि मोडतात. जादू केली की आसपासची झाडे मरू शकतात. एवढ्यानेच प्रत्येक लढाईचा आणि प्रत्येक मंत्राचा भाव बदलतो. जिथे फक्त राजांची नावे वेगळी आणि बाकी सारे तेच, ते जग खेळाडूंना दुसऱ्या सेशनला आठवणार नाही.

फॉरगॉटन रेल्म्सची अडचण वेगळी आहे. त्यात कादंबऱ्या, नकाशे आणि इतिहास एवढा साचला आहे की नवा डीएम दबून जातो. खेळाडूंपैकी एकाने दोन कादंबऱ्या जास्त वाचलेल्या असतात. उपाय सोपा आहे. पहिल्याच दिवशी जाहीर करा की टेबलावर आले तेवढेच खरे. एक शहर आणि त्याभोवतीचे दोन दिवसांच्या वाटेचे अंतर घ्या. लक्षात न राहणारी नावे बिनधास्त बदला.

पण नुसती नावे बदलून कोकण होत नाही, आणि इथेच बहुतेक गट अडकतात. फॉरगॉटन रेल्म्समधल्या वॉटरडीप शहराचे मालवण केले, सरायीची खाणावळ केली, तरी त्या जगाचे ऋतू युरोपातलेच राहतात. तिथे हिवाळ्यात वाटा बंद होतात, बर्फ पडते, लोक घरात कोंडले जातात. आपल्याकडे ते सगळे उलटे. ज्येष्ठात दर्या खवळला की गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारायची. श्रावणी पौर्णिमेला नारळ वाहिला की समुद्र पुन्हा उघडायचा. आजही महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. पावसात घाटात दरडी कोसळतात, नद्या साकव घेऊन जातात, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, धुके बसते, कोरडे लाकूड मिळत नाही आणि सगळी माणसे लावणीच्या चिखलात असतात. म्हणजे आपल्या कॅम्पेनचा, अनेक सेशन सलग चालणाऱ्या खेळाचा, ‘हिवाळा’ आषाढात येतो. नियमांतला डाउनटाइम, म्हणजे हस्तकला, संशोधन, जखमा भरणे, त्या दोन-अडीच महिन्यांत टाका. नारळी पौर्णिमा ते पुढचा वैशाख हा मोहिमांचा काळ. एवढा एक बदल केलात तर तयार जगही निम्मे कोकणी होते.

खाडी का

किनारा सलग घेतला की नकाशा लांबच लांब होतो आणि खेळाडू कुठेही जाऊ शकतात. मग डीएमला सगळेच तयार ठेवावे लागते. खाडीला मात्र आपसूक दोन टोके असतात, मधे अडसर असतात आणि प्रत्येक ठिकाणी कोणाचा ना कोणाचा हक्क असतो.

नमुना म्हणून वाघोटन खाडी पाहा. मुखावर विजयदुर्ग. आत, भरतीचे पाणी पोचायचे तिथे खारेपाटण, जिथून माल बैलांच्या पाठीवर चढून घाटावर जायचा. खारेपाटणला सापडलेला शिलाहार रट्टराजाचा ताम्रपट शके ९३०, म्हणजे इ.स. १००८ चा आहे. बंदर किती जुने याचा तो पुरावा. त्यापलीकडे सह्याद्री. राजापूरचेही तसेच: जैतापूर खाडीच्या आत, अर्जुना नदीवर, सतराव्या शतकात इंग्रजांची वखार असलेले गाव. दोन्ही बंदरे पुढे मागे पडली आणि त्यात गाळाचा मोठा वाटा होता.

हा गाळ तुमच्या कॅम्पेनचा खलनायक होऊ शकतो. खाडी दरवर्षी थोडी उथळ होते आहे. वरच्या बंदरातले व्यापारी गाळ उपसायला पैसे मागतात, मुखावरचा किल्लेदार देत नाही, कारण बंदर बुडाले तर सगळी जकात त्याच्याच दारात. वरच्या जंगलात कोणीतरी झाडे तोडतो आहे. कोणाला तरी वाटते की राखणदार रागावला आहे. यातले खरे काय हे ठरवायला खेळाडूंना दहा-बारा सेशन सहज लागतात, आणि एकाही ड्रॅगनची गरज पडत नाही. (हवा असेल तर आणा. पण त्याचे बीळ गाळाखाली असू द्या.)

नकाशासाठी दहा किलोमीटरचे हेक्स (षट्कोनी घरे) पुरतात. सह्याद्री ते समुद्र अंतर साधारण पन्नास किलोमीटरच्या घरात आहे, म्हणजे पाच हेक्स आडवे, चार उभे, एकूण वीस. त्यांतले आठ भरा, बाकीच्यांना एकेक ओळ द्या. ठिकाणे सहा हवीत: मुखावरचा किल्ला, काठावरचे बंदर, खारजमीन आणि तिचा बांध, भरतीच्या टोकाचे पेठेचे गाव, वरचा सडा, घाटाचा पायथा. खारजमिनीचा बांध विसरू नका. तो फुटला की भातशेतीत खारे पाणी शिरते आणि पुढची काही वर्षे पीक धड येत नाही. उधाणाच्या रात्री बांध राखणे हे पहिल्या पातळीच्या पात्रांसाठी गोब्लिनांपेक्षा चांगले काम आहे.

सड्यावर कातळशिल्पे आहेतच. बारसू, कशेळी, उक्षी, कुडोपी इथली शिल्पे जांभ्या दगडात कोरलेली आहेत. देवाचे गोठणे इथल्या शिल्पापाशी होकायंत्राची सुई भरकटते. ही शिल्पे कोणी आणि का कोरली याचे पक्के उत्तर कुणापाशी नाही, आणि डीएमला याहून सोयीचे काय हवे? फक्त त्यांना ‘प्राचीन पोर्टल’ करून टाकू नका, ते सगळेच करतात. सुई भरकटते एवढेच घ्या आणि सड्यावर दिशा शोधण्याच्या तपासाला (यश ठरवणाऱ्या फाशाला) डिसअॅडव्हान्टेज द्या, म्हणजे दोनदा टाकून लहान आकडा धरा.

भरतीचे गणित

खाडीच्या सेटिंगमध्ये घड्याळाचे काम पाणी करते. किनाऱ्यावरच्या माणसांना ठाऊक असलेला ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला आणि अमावस्येला सव्वाअकरा. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी, पुढची भरती साडेबारा तासांच्या आत. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार सगळ्यात कमी. जागेप्रमाणे थोडा फरक पडतो, पण खेळाला पुरेसे आहे.

सेशनच्या सुरुवातीला वीस बाजूंचा फासा टाका, सोळा ते वीस आल्यास पुन्हा टाका. आला तो आकडा तिथी. शुक्ल की कृष्ण हे नाणे उडवून ठरवा. मग तिथीच तुम्हाला गोष्ट सुचवते. अमावस्येला मध्यरात्रीच्या सुमारास उधाणाची भरती आणि मिट्ट काळोख: जकात चुकवून माल आणायची रात्र. पौर्णिमेलाही पाणी तेवढेच, पण चांदण्यात चौकीवरून शीड दिसते. अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी: किल्ल्याच्या पायथ्याची कपार उघडी पडते, आणि दोन तासांत परत फिरला नाहीत तर पोहावे लागते. पहिल्या सेशननंतर तिथी गुप्त ठेवू नका. खेळाडूंनीच ‘आज काय, दशमी? मग साडेसातला भरती’ असे म्हणायला लागावे. तसे झाले की जग त्यांचे झाले.

याच्या जोडीला दस्तक घ्या. पोर्तुगीज आपल्या परवान्याला कार्ताझ म्हणत, आंग्रे दस्तक देत. ज्याच्या पाण्यातून जायचे त्याचा कागद जवळ नसेल तर जहाज जप्त. टेबलावर खरोखरचा कागद ठेवा, त्यावर शिक्का आणि मुदत लिहा. कागद भिजला, खोटा निघाला, मुदत संपली. तीन सेशन झाली. इथे एक शब्द जपून वापरा. कान्होजी आंग्रे इंग्रजांच्या कागदांत चाचा आहे, मराठ्यांच्या कागदांत सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. तुमच्या पुस्तकात ‘चाचे’ कोण हे लिहिलेत की तुम्ही बाजू घेतली. घ्या, पण कळून घ्या.

देवचार, गिऱ्हा आणि कौल

ही बाजू सगळ्यात श्रीमंत आणि सगळ्यात नाजूक. पहिला नियम: ज्याच्यापुढे आज कोणी गाऱ्हाणे घालतो त्याचा स्टॅट ब्लॉक (लढाईच्या आकड्यांचा तक्ता) करू नये. आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावभर फिरतो आणि वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. या कल्पनेतली ताकद हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) दिले की संपते. वर लोक दुखावतात ते वेगळेच. जग कल्पित ठेवा, देवाला वेगळे नाव द्या आणि त्याला लढाईत न उतरवता देण्याघेण्यात उतरवा: काय वाहिले, काय कबूल केले, काय चुकले.

कौल हा तयार नियमच आहे. मूर्तीला लावलेले फूल किंवा पाकळी उजवीकडून पडली तर होकार, डावीकडून पडली तर नकार, न पडली तर थांबायचे. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीच्या मूळ मुक्त नियमांत ऑग्युरी नावाचा दुसऱ्या पातळीचा मंत्र आहे. पुढच्या अर्ध्या तासातल्या एका बेताबद्दल शुभ, अशुभ, दोन्ही किंवा काहीच नाही असे चार शकुन तो देतो, आणि लाँग रेस्टआधी (रात्रभराच्या विश्रांतीआधी) पुन्हा वापरला तर दर वेळी २५ टक्क्यांनी वाढणारी वाटेल ते उत्तर येण्याची शक्यता. कौलासाठी तोच सांगाडा घ्या. फरक तीन करा: अर्ध्या तासाऐवजी पुढची भरती येईपर्यंतचा काळ, मंत्र टाकणाऱ्याऐवजी गुरव, आणि वाटेल त्या उत्तराऐवजी मौन. खोटे बोलणारा देव टेबलावर एकदाच मजा आणतो, नंतर कोणी कौल लावत नाही.

भुतांच्या बाबतीत नेहमीची चूक म्हणजे डी अँड डीतल्या घोल या भुताला ‘खवीस’ आणि बॅन्शीला ‘हडळ’ असे लेबल डकवणे. आधी वागणूक लिहा, आकडे मागून. गिऱ्हा पाण्यात राहतो, माणसाला बुडवतो. त्याचे केस हाती लागले तर तो चाकरी करतो असे सांगतात. म्हणजे त्याच्याशी लढाई मारण्याची नाही, हिसकावण्याची: ग्रॅपलचे (झोंबाझोंबीचे) नियम, दर फेरीला खोल पाणी, आणि जिंकल्यावर एक अनिच्छुक नोकर, जो केस परत मिळवायला टपलेला. चकव्याला तर हिट पॉइंटच नकोत. सर्व्हायव्हल तपास, डीसी (फाशाने गाठायचा आकडा) १५. हुकला की तासभर चालून पुन्हा त्याच फणसाखाली. तिसऱ्यांदा हुकला की एक पातळी एक्झॉशन (थकवा). उजाडेपर्यंत जागीच बसून राहिलात तर सुटका. हा शेवटचा पर्याय खेळाडूंना आधी एखाद्या म्हातारीच्या तोंडून ऐकू येऊ द्या, नाहीतर तो डीएमचा जुलूम वाटतो.

गावपळणीवर एक अख्खे वन-शॉट (एका सेशनमध्ये संपणारी गोष्ट) उभे राहते. आचरे गावात काही वर्षांच्या अंतराने, रामेश्वराचा कौल घेऊन, सगळे गाव गुराढोरांसह तीन दिवस वेशीबाहेर राहायला जाते. तुमच्या कल्पित गावात असेच होते, पात्रे वेशीवर राखणीला आहेत, आणि दुसऱ्या रात्री एका घरात चूल पेटलेली दिसते. आत जायचे की नाही? याहून जास्त काही लिहू नका.

आणि खऱ्या जातीजमातींच्या ‘रेस’ (खेळातले वंश) करू नका. गाबीत, भंडारी, कोळी, सिद्दी यांना प्लस दोन डेक्स्टेरिटी (चपळाई) देणे हास्यास्पद आहे आणि वाईटही. कौशल्य हवे तर ते धंद्याला द्या: तांडेल, माडी काढणारा, सुतार, वैदू, दशावतारातला खेळगडी.

लिहिण्याची पद्धत

ठिकाणाची नोंद शंभर शब्दांच्या आत बसवा. फसणारी नोंद अशी असते: ‘शेवरबंदर हे प्राचीन काळापासून भरभराटीला आलेले बंदर असून येथील लोक कष्टाळू व धार्मिक आहेत. येथे अनेक राजवटी होऊन गेल्या.’ यात डीएमला करण्यासारखे काही नाही. चालणारी नोंद अशी:

‘शेवरबंदर. भरतीला दोन पुरुष पाणी, ओहोटीला गुडघाभर चिखल. जकातीची चौकी उत्तर काठावर. दक्षिण काठाला उतरायचे तर रात्रीची भरती गाठावी लागते. चौकीवरचा कारकून लाच घेत नाही, पण त्याचा भाऊ गेल्या पावसात बुडाला आणि त्याच्याबद्दल काही कळले तर तो एका रात्रीपुरती डोळेझाक करेल. काल पहाटे एक शिबाड आपोआप धक्क्याला लागले. वर माणूस नाही, दिवा जळतो आहे, आणि त्याच्या दस्तकावरची मुदत पुढच्या वर्षीची आहे.’

भरती-ओहोटीने वेळ दिली, दोन काठांनी जागेचा ताण, कारकुनाने माणूस आणि त्याची किल्ली, शिबाडाने आजचे काम. इतिहास कुठेच नाही, तो विचारल्यावर सुचतो. असे आठ हेक्स लिहिले की आठशे शब्दांच्या आत कॅम्पेनचा कणा तयार.

भाषेचा सल्ला: नियमांचे शब्द टेबलावर जसे बोलतात तसेच ठेवा. हिट पॉइंट, सेव्हिंग थ्रो, इनिशिएटिव्ह. ‘प्राणांक’ आणि ‘रक्षणक्षेप’ वाचायला गंमत वाटते, पण लढाई चालू असताना प्रत्येक जण मनात उलट भाषांतर करत बसतो. जगाचे शब्द मात्र मराठीच: गलबत, मचवा, साकव, पाणंद, मांगर. बोली संवादात वापरा, वर्णनात नको, आणि सगळ्या कोकणाला मालवणी बोलायला लावू नका. संगमेश्वरी वेगळी, रायगडकडची आगरी वेगळी. ज्या भागावर खाडी बेतली तिथली बोली तिथल्याच माणसाकडून तपासून घ्या.

छापण्याआधी तीन गटांत चाचणी हवी, आणि त्यांतल्या किमान दोन ठिकाणी डीएम तुम्ही नसावे. गप्प बसून पाहा. डीएम पान शोधतो आहे ती प्रत्येक वेळ टिपा: नाव शोधत होता, अंतर शोधत होता की भरतीची वेळ? दोनदा शोधले गेलेले सगळे पहिल्या किंवा शेवटच्या पानावर न्या. एकदाही न उघडलेले पान काढून टाका. तुमचा आवडता इतिहास बहुधा त्यातच असेल.

हक्क आणि परवाने

पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, म्हणजे एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स सीसी-बाय ४.० परवान्याखाली खुले झाले. त्याआधी जुना ओजीएल (ओपन गेम लायसन्स) परवाना बदलण्याच्या बेतावरून मोठा गदारोळ झाला होता. नवा परवाना मागे घेता येत नाही. भाषांतर, फेरफार आणि विक्री तिन्ही चालतात. अट एवढीच की एसआरडीत दिलेले श्रेयाचे वाक्य छापायचे आणि बदल केले असतील तर तसे सांगायचे. ते वाक्य मूळ इंग्रजीत जसेच्या तसे ठेवा, खाली हवे तर मराठी द्या. मुखपृष्ठावर ‘पाचव्या आवृत्तीशी सुसंगत’ म्हणता येते. डी अँड डीचे नाव किंवा बोधचिन्ह मिरवता येत नाही. एसआरडीत नसलेली पात्रे, शहरे आणि राक्षस उचलू नका.

डीएम्स गिल्ड या विक्रीच्या संकेतस्थळावर फॉरगॉटन रेल्म्ससारखी जगे वापरायला मिळतात, पण लेखकाला निम्मी रक्कम मिळते आणि तिथे टाकलेला मजकूर दुसरीकडे विकता येत नाही. स्वतःच्या खाडीसाठी ती जागा नव्हे. ड्राइव्हथ्रूआरपीजीवर फक्त तिथेच विकले तर ७० टक्के, इतरत्रही विकले तर ६५ टक्के. इच.आयओवर वाटा तुम्ही ठरवता, ठरवला नाही तर ते १० टक्के घेतात. पेपालने भारतातले देशांतर्गत व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले आहेत, त्यामुळे परदेशी गिऱ्हाईक या संकेतस्थळांवर आणि देशातले यूपीआयवर थेट, अशी दोन खाती मनात ठेवा.

चित्रकाराशी करार हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमानुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीचे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे ‘पैसे दिले, चित्र आपले’ असे समजून तुम्ही परदेशी संकेतस्थळावर पीडीएफ चढवलीत, तर तो हक्क तुमच्याकडे नसू शकतो. अर्ध्या पानाचा कागद करा: कोणते चित्र, कोणत्या वापरासाठी, किती वर्षे, जगभर की भारत, रक्कम किती, पुन्हा छापल्यास काय. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवरून गिरवला असेल तर त्यांचे श्रेय द्यावे लागते; खाडीचा आकार बदलून, उलटा करून हाताने काढलात तर कटकट कमी आणि नकाशाही जिवंत.

मांडणी आणि छपाई

देवनागरीसाठी मुक्त परवान्याचे टंक पुरेसे आहेत: मजकुराला ‘मुक्त’ किंवा ‘यशोमुद्रा’, शीर्षकांना ‘बलू’. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू नसेल तर जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द छापून पाहा, दोन्ही नीट आले तर बाकीचे येईल. भाषा मराठी निवडली नाही तर काही टंकांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात.

मापात डेमी एक अष्टमांश, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, टेबलावर सोयीचे. पाने सोळाच्या पटीत ठेवा, कारण फर्मा सोळा पानांचा असतो. सत्तर पाने लिहिलीत तर ऐंशीचे पैसे जातात. एका खाडीला चौसष्ट पाने पुरतात: नकाशे आणि तक्ते धरून साधारण तेरा-चौदा हजार शब्द. आतला कागद ७० किंवा ८० जीएसएमचा मॅपलिथो, मुखपृष्ठ ३०० जीएसएमचे. नकाशा ३०० डीपीआयचा, आणि दुपानी काढला तर खाडीचे मुख शिवणीत जाणार नाही असा. तीनशे प्रतींच्या आत डिजिटल छपाई बरी, पाचशेच्या वर ऑफसेटचा हिशेब जमू लागतो. विक्रेता ४० टक्के सूट मागतो हे धरून किंमत छपाईखर्चाच्या किमान चौपट ठेवा, नाहीतर चित्रकाराचे पैसे खिशातून जातात. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. पेटीत फासे आणि मोहरे घातलेत तर तिला पुस्तक म्हणता येईलच असे नाही, तेव्हा आधी कर सल्लागाराला विचारा.

किनाऱ्यावर राहून छापणाऱ्यांनी हवेचाही विचार करावा. चौसष्ट पानांना मधली पिन चालते, पण खाऱ्या दमट हवेत साधी तार दोन पावसाळ्यांत गंजून मधल्या पानावर तांबूस डाग पाडते. शिवून घ्या किंवा गंजरोधक तार मागा. मुखपृष्ठाला एका बाजूने लॅमिनेशन केले की आतली बाजू ओल शोषते आणि पान बाहेरच्या बाजूला वळते, म्हणून कागदाच्या तंतूंची दिशा (ग्रेन) पुस्तकाच्या पाठीला समांतर ठेवायला छापखान्यात बजावून सांगा. गठ्ठे जमिनीवर आणि भिंतीला टेकून ठेवू नका, फळीवर ठेवा. आणि शक्य असेल तर छपाई दसऱ्यानंतर करा. आषाढात बांधलेली प्रत सुकेपर्यंत वाकडी होते, ती मग सरळ होत नाही.